सोनं ‘ओळखणारं’ मशीन

“फक्त सोन्यावरच वाजेल असं एखादं मशीन सुचवा ना.” मेटल डिटेक्टर घ्यायचा म्हणणारे बहुतेक लोक सुरुवात याच वाक्याने करतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बॅलरॅट, बेंडिगो, डनॉलीच्या पट्ट्यात सुटीच्या दिवशी सोनं शोधत हिंडणं हा रीतसर छंद आहे. मेलबर्नला स्थायिक झालेली आपली मंडळी विचारतात ती त्यासाठी. गावाकडून येणारा प्रश्न वेगळ्या चालीचा असतो: “जुन्या वाड्यात पुरलेलं आहे म्हणतात, तर कोणतं घेऊ?” दोघांनाही उत्तर एकच. असं मशीन अस्तित्वात नाही. समोरच्याला ते पटत नाही, कारण त्याने व्हिडिओ पाहिलेला असतो.

डिटेक्टरच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं. वाटेत वीज वाहून नेणारी वस्तू आली की तिच्यात छोटे विद्युतप्रवाह गरगरू लागतात. त्यांचं स्वतःचं क्षुल्लक क्षेत्र तयार होतं, ते मशीन टिपतं आणि आवाज करतं. या सगळ्या व्यवहारात ‘सोनं’ कुठेच येत नाही. स्क्रीनवर जो आकडा उमटतो तो वस्तूची वाहकता, आकार, जाडी, ती आडवी पडली आहे की उभी आणि भोवतालची माती कशी आहे, या सगळ्यांची गोळाबेरीज असते. म्हणून सोन्याची बारीक कणी आणि सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद एकाच आकड्यावर येऊन बसतात. जरा मोठा गोटा असेल तर तो थंड पेयाच्या कॅनच्या कडीशी जुळतो. शिसं तर पक्का बहुरूपी. ‘नको तो कचरा वगळा’ म्हणून ते आकडे बंद केलेत की सोनंही बंद.

प्रत्यक्षात काय होतं ते बघा. हेडफोनमध्ये बारीक, गोलसर सूर येतो. बुटाने वरची माती बाजूला सारायची, पुन्हा कॉइल फिरवायची. सूर सरकला, म्हणजे वस्तू सारलेल्या मातीत आली. ती माती प्लास्टिकच्या खोलगट डावात घ्यायची, अर्धी हातावर ओतायची, कोणती अर्धी वाजते ते पाहायचं. पुन्हा अर्धी, पुन्हा अर्धी. शेवटी चिमूटभर माती उरते आणि तिच्यात शिकाऱ्याच्या बंदुकीचा शिशाचा छर्रा. सूर सोन्याचाच होता, यात मशीनची काही चूक नाही.

गंमत अशी की ऑस्ट्रेलियातल्या लोहयुक्त तांबड्या मातीत धंदेवाईक लोक जी पल्स इंडक्शन जातीची यंत्रं वापरतात, त्यांतली काही दहा हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात जातात, आणि धातू वेगळा ओळखण्यात नेमकी हीच यंत्रं कच्ची असतात. त्यांचं बळ मातीचा गोंगाट दाबून जरा खोलवर ऐकण्यात. वाजलं की खणा, एवढाच नियम.

हा घोळ नवा नाही. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याच तत्त्वाचं यंत्र घेऊन गेला होता. पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी त्याच्या यंत्राचा गोंधळ उडवला आणि गोळी काही सापडली नाही.

इथवर निदान खऱ्या यंत्रांची गोष्ट होती. मला खरा राग येतो तो मुठीला अँटेना लावलेल्या ‘लाँग रेंज लोकेटर’चा. एक किलोमीटरवरून सोन्याची दिशा दाखवतो, दहा मीटर खोलीवरचं कळवतो, वर चांदी-तांबं-सोनं अशी बटणं. विक्रेता सांगतो की पुरलेल्या सोन्यातून वर्षानुवर्षं लहरी निघत राहतात. कुठल्या? सोन्याचा लौकिकच मुळी कशाशी अभिक्रिया न करण्याचा. ते जमिनीत हजार वर्षं मुकाट्याने पडून राहतं. तो दांडा वळवतं ते धरणाऱ्याचं मनगट, त्याच्याही नकळत. आपल्याकडचे पाणाडे हातातली बेचकी वळवतात ती अशीच, फक्त ते तिला बॅटरी लावत नाहीत.

‘एवढी महाग वस्तू खोटी कशी असेल?’ अशी शंका ज्यांना येते त्यांनी एडीई ६५१ चं प्रकरण वाचावं. गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकली जाणारी एक फुटकळ वस्तू, तिच्यावरून बेतलेलं हे ‘बॉम्बशोधक’ इराकने कोट्यवधी डॉलर मोजून घेतलं आणि नाक्यानाक्यावर वापरलं. आतल्या कार्डाची केंब्रिज विद्यापीठात तपासणी झाली तेव्हा दुकानातल्या मालाला लावतात तसली चोरीविरोधी पट्टी निघाली. विकणारा जेम्स मॅकॉर्मिक याला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच जातकुळीचं जीटी२०० थायलंड सरकारने २०१० मध्ये तपासलं: २० पैकी ४ वेळा बरोबर. अँटेनावाला भेटलाच तर पाच सारखे डबे मांडा, त्याच्या पाठीमागे एकात अंगठी ठेवा आणि वीस वेळा शोधायला लावा. डबा कोणता हे ठाऊक असणाऱ्याने तिथे थांबूही नये. विक्रेता बहुधा चाचणीच्या आधीच उठून जाईल.

खोलीचंही तेच. चांगल्या मशीनला नाण्याएवढी वस्तू साधारण वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत लागते. लहान वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने लांब गेली, की अंतर दुप्पट होताच तिचा प्रतिसाद जवळजवळ ६४ पटींनी घटतो. जाहिरातीतले दहा मीटर कुठून येतात, ते जाहिरातवाल्यालाच ठाऊक.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो. रंगीत चित्र दाखवणारे जे ‘थ्रीडी स्कॅनर’ निव्वळ चुंबकत्व मोजतात, त्यांना सोनं दिसणं शक्य नाही, कारण सोनं लोखंडासारखं चुंबकीय नाही. नदीच्या वाळूतली सोन्याची धूळ डिटेक्टरला ऐकू येत नाही. तिथे परातीसारखं पॅनच हवं, कारण सोनं वाळूच्या सातपट जड असतं आणि धुताना तळाला बसतं. सराफकट्ट्यावरची धूळ धुणारे आपले झारेकरी हेच करत आले आहेत. चमकणारा पिवळा दगड हातोडीने ठोकला आणि भुगा झाला तर तो पायराइट. सोनं चपटं होतं. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये सोन्याच्या शिरा शोधू नयेत. कोलार, हट्टीचं सोनं त्याहून कितीतरी प्राचीन खडकांतलं. कोकणातला जांभा डिटेक्टरला उगाच बोलकं करतो, तेव्हा परसात सूर आला म्हणून पहार काढू नका.

‘सापडलं ते आपलं’ हा मात्र एका ओळीत संपणारा विषय नाही. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना पंचवीस-तीस डॉलरमध्ये दहा वर्षांसाठी मिळतो. तो घेतला की ठरावीक सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी शोधता येतं आणि सापडलेलं सोनं ठेवता येतं. खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते आणि बहुतेक राष्ट्रीय उद्यानं वर्ज्य. भारतात अशी सोयच नाही. १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोधसुद्धा घेता येत नाही. आणि पुरलेल्या धनाला लागू होतो १८७८ चा निखात निधी कायदा: दहा रुपयांवरचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. दडवलं तर सापडवणाऱ्याला मिळू शकणारा वाटा जातो, वर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. गुप्तधनासाठी मांत्रिक आणून अघोरी प्रकार केलेत तर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

तेव्हा मशीन घ्यायचंच असेल तर आधी जागा ठरवा, मग मशीन. बारीक कण्यांसाठी ४० किलोहर्ट्झच्या वरचं ‘व्हीएलएफ’ जातीचं साधं मशीन आणि लहान कॉइल पुरते; समुद्रकिनाऱ्यावरच्या हरवलेल्या अंगठ्यांसाठी ते मशीन उपयोगाचं नाही, खाऱ्या ओल्या वाळूत ते बडबडत सुटतं. हेडफोन हवाच. कुदळीच्या दांड्याला एक जाड लोहचुंबक बांधा, निम्मे खिळे परस्पर निघतील. पहिल्या हंगामात नवं घेऊ नका. बॅलरॅट-बेंडिगोकडच्या काही दुकानांत मशीन भाड्यानेही मिळतं.