सिम कार्ड : परदेशी नेताना आणि जपताना

आमच्या केडगावात काय किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कोणत्याही गावात काय, मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेली घरे आता नवलाची राहिलेली नाहीत. असे समजू या, की केडगावचे एक आजी-आजोबा मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला निघाले आहेत. पाहुण्यांना तेथे बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहता येते. आजोबांचे निवृत्तिवेतन इथल्या बँकेत जमा होते आणि त्या खात्याला त्यांचा मोबाइल नंबर जोडलेला आहे. खात्यातून पैसे काढायचे तर बँक त्या नंबरावर ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक अंक, पाठवते. आता प्रश्न असा, की आजोबांनी कोणते सिम कार्ड वापरावे? आणि ते परत येईपर्यंत त्यांचा जुना नंबर जिवंत राहील काय?

उत्तर शोधण्यापूर्वी सिम कार्ड म्हणजे काय ते पाहू.

कार्डात काय असते?

जगातले पहिले सिम कार्ड १९९१ साली जर्मनीतील म्युनिक शहरातल्या एका कंपनीने फिनलंडमधील दूरध्वनी कंपनीसाठी बनविले. ते बँकेच्या कार्डाएवढे मोठे होते. आजचे नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद, म्हणजे बोटाच्या नखाएवढे असते.

पुष्कळांची अशी समजूत असते, की रिचार्जचे पैसे आणि आपला दहा आकडी नंबर या कार्डात भरलेला असतो. तसे नाही. या दोन्ही गोष्टींची नोंद कंपनीच्या नोंदवहीत, म्हणजे तिच्या संगणकात असते. कार्डात मुख्यतः दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे पंधरा आकडी ओळख क्रमांक. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारतातील कार्डांचा क्रमांक बहुधा ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, जर्मनीचा २६२ ने, संयुक्त अरब अमिरातीचा ४२४ ने. त्यापुढचे आकडे कंपनी कोणती ते सांगतात. दुसरी गोष्ट म्हणजे एक गुप्त किल्ली. ही १२८ द्विमान अंकांची, म्हणजे ० आणि १ यांची, लांबलचक संख्या असते. ती जगात फक्त दोन ठिकाणी असते : आपल्या कार्डात आणि आपल्या कंपनीच्या संगणकात.

थोडक्यात, सिम कार्ड ही पैशांची थैली नव्हे. ते ओळखपत्र आहे.

गुपित न सांगता ओळख

ही किल्ली हवेतून कधीच पाठविली जात नाही. पाठविली, तर वाटेत कोणीही ती चोरील. मग कंपनी कार्डाला ओळखते कशी? एक खेळ खेळू. तुमची आणि तुमच्या मित्राची गुप्त संख्या ३७ आहे. मित्र तुम्हांला ५८ हा आकडा देतो. तुम्ही ३७ ने गुणून आलेल्या २१४६ मधले शेवटचे दोन अंक, म्हणजे ४६, एवढेच सांगता. मित्रही मनात तोच हिशेब करतो आणि उत्तर ताडून पाहतो. पुढच्या वेळी तो ९१ देतो. गुणाकार ३३६७, म्हणून उत्तर ६७. प्रश्न दर वेळी नवा, त्यामुळे जुने उत्तर चोरून उपयोग नाही.

आपला हा खेळ सोपा आहे. हुशार विद्यार्थी ९१ आणि ६७ यांवरून ३७ शोधून काढील. (प्रयत्न करून पाहा!) सिम कार्डातील गणित मात्र फार गुंतागुंतीचे असते, आणि १२८ अंकांच्या किल्ल्या २ चा १२८ वा घात इतक्या, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये देऊन होणाऱ्या संख्येएवढ्या असू शकतात. एकेक किल्ली लावून पाहण्यास विश्वाचे वयही पुरणार नाही.

पाहुणा आणि यजमान

प्रत्येक मनोरा आपला देश व कंपनी यांचे क्रमांक सतत प्रक्षेपित करीत असतो. केडगावात आजोबांच्या फोनला आपल्याच कंपनीचा क्रमांक ऐकू येतो. अमेरिकेत उतरल्यावर ३१० यासारखे परके क्रमांक ऐकू येतात, आणि आपण पाहुणे आहोत हे फोनला कळते. तिथल्या यजमान कंपनीला कार्डाच्या ४०४ वरून कळते, की हा भारतातला पाहुणा. मग ती आजोबांच्या भारतातील कंपनीला विचारते. दोघींत करार असेल आणि आजोबांची परदेशी सेवा सुरू असेल, तर घरची कंपनी प्रश्न व त्याचे अचूक उत्तर अशी जोडी बांधून पाठविते. कार्डाने तेच उत्तर दिले, की पाहुण्याला दार उघडते. किल्ली मात्र यजमानालाही कळत नाही. या पाहुणचारालाच रोमिंग म्हणतात.

पाहुणचार महाग का, तेही आता उमजेल. केडगावच्या शेजाऱ्याने आजोबांना फोन लावला, तर तो आधी भारतातील केंद्राकडे जातो आणि तेथून अमेरिकेकडे वळविला जातो. शेजारी देशातल्या देशात बोलल्याचेच पैसे देतो. पुढच्या प्रवासाचा आकार आजोबांच्या खात्यातून जातो. इंटरनेटचेही बहुधा असेच असते. न्यू यॉर्कमध्ये बसून तिथलाच नकाशा पाहिला, तरी मागणी मुंबईला येऊन परत जाते. एका बाजूचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. काचतंतूत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. म्हणजे जाण्या-येण्यातच निदान एक अष्टमांश सेकंद खर्ची पडतो.

फोनचे कान

कार्ड चांगले असले, तरी फोनला तिथल्या लहरी ऐकू आल्या पाहिजेत. भारतात ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ या कंप्रता फार वापरल्या जातात. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर, तर १८०० ची सुमारे १७ सेंटिमीटर येते. अमेरिकेत ७०० आणि १९०० मेगाहर्ट्झचे पट्टे महत्त्वाचे आहेत. शिवाय अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी तिसऱ्या पिढीची सेवा २०२२ साली बंद केली, ऑस्ट्रेलियात ती २०२४ साली बंद झाली. तेव्हा फक्त जुन्या पिढीचा साधा फोन तेथे मुका होतो. चौथ्या पिढीच्या जाळ्यावरून बोलता येईल असा फोन हवा. निघण्यापूर्वी फोनच्या माहितीपत्रकात हे पट्टे पाहून घ्यावेत.

मग कार्ड कोणते?

आठवडाभराचा प्रवास असेल, तर भारतीय कार्डावरच रोमिंगची योजना घेणे सोयीचे. मुक्काम लांबला, तर तिथले प्रीपेड कार्ड स्वस्त पडते. प्रीपेडचा मोठा गुण असा, की भरले तेवढेच पैसे खर्च होतात. महिनाअखेर अवाच्या सवा बिल येत नाही.

देशोदेशीचे नियम मात्र वेगळे. जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड कार्डासाठी ओळख पटवावी लागते. शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याने पासपोर्ट हाताशी ठेवावा. युरोपीय संघातील एका देशात घेतलेले कार्ड जून २०१७ पासून संघातील इतर देशांत, ठरावीक मर्यादेत, घरच्याच दराने चालते. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही. युरोपच्या सहलीत आल्प्स पाहायला गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आजोबांसाठी उत्तम उपाय म्हणजे दोन कार्डांचा फोन. एका खाचेत अमेरिकेचे कार्ड. बोलणे आणि इंटरनेट त्यावर. दुसऱ्या खाचेत भारताचे कार्ड, फक्त ओटीपीसाठी. भारतीय कार्डावरचे ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावे. लघुसंदेश इंटरनेटवाचूनही येतो, आणि रोमिंगमध्ये तो घेण्यास सामान्यतः आकार पडत नाही. मात्र परदेशी सेवा घरूनच सुरू करून घ्यावी आणि दरपत्रक वाचावे.

नंबर जिवंत कसा ठेवावा?

भारतात मोबाइल नंबर दहा आकडी असून ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे अशा संख्या जास्तीत जास्त ४०० कोटी. जोडण्या शंभर कोटींहून अधिक. म्हणून पडून राहिलेला नंबर कंपन्या पुन्हा दुसऱ्याला देतात.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१३ च्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तरच तो न वापरल्याच्या कारणाने बंद करता येतो. खात्यात २० रुपये असल्यास तो आकार घेऊन मुदत वाढवायची असते. बंद झालेला नंबर आणखी निदान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असे ट्रायने २०२३ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितले. आता हिशेब करा. आजोबांचा मुक्काम १८० दिवसांचा. पहिल्या दिवसापासून कार्ड पेटीत पडून राहिले, तर नव्वदाव्या दिवसानंतर नंबर धोक्यात. पुढे तो परक्या माणसाकडे गेला, तर बँकेचे ओटीपीही त्याच्याच हाती पडतील!

यावर उपाय सोपा आहे. शिलकीखेरीज योजनेची मुदतही संपू देऊ नये. मुदत संपली की आधी जाणारे आणि पुढे येणारेही फोन व संदेश थांबतात. डिसेंबर २०२४ मधील दुरुस्तीने केवळ बोलणे व लघुसंदेश यांच्या खास योजना देणे कंपन्यांना बंधनकारक झाले आणि अशा योजनांच्या मुदतीची मर्यादा ९० वरून ३६५ दिवसांवर गेली. निघताना परतीच्या तारखेपुढे जाईल अशी योजना घ्यावी, किंवा केडगावातल्या नातवाने वेळच्या वेळी रिचार्ज करावा. दोन महिन्यांतून एकदा त्या कार्डावरून एक लघुसंदेशही पाठवावा, म्हणजे वापराची नोंद राहते. आणि अमेरिकेचे कार्ड घालताना काढलेले भारतीय कार्ड हरवू देऊ नये. बदली कार्डासाठी ओळख पटवावी लागते, आणि परदेशातून ते फार अवघड जाते.

तुमच्या घरातून कोणी परदेशी निघाले असेल, तर एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या : जाण्या-येण्याच्या तारखा, योजनेची शेवटची तारीख, बँकेला जोडलेला नंबर आणि फोनचे कंप्रता-पट्टे. पहिल्या दोन तारखांची वजाबाकी तर पाचवीतला विद्यार्थीही करील. त्या वजाबाकीवर आजोबांचे निवृत्तिवेतन अवलंबून आहे, एवढे मात्र त्याला सांगायला विसरू नका.