भुताचा खेळ कसा रंगवावा?

भुताची गोष्ट सांगणें सोपें आहे. ती चारचौघांकडून खेळवून घेणें कठीण. सांगणारा एकटा असला म्हणजे गोष्ट त्याच्या मुठींत असते. परंतु ऐकणारे पांचही जण त्या गोष्टींतील पात्रें होऊन बसले आणि "मी दार उघडीत नाहीं, मी परत फिरतों," असें म्हणूं लागले, म्हणजे सांगणाऱ्याची खरी परीक्षा होते. पावसाळ्यांत मैदान चिखलानें भरलेलें असतां, शनिवारीं रात्रीं घरांत बसून हा खेळ कसा खेळावा, याविषयीं कांहीं सूचना येथें करण्याचें योजिलें आहे.

हा प्रकार मूळचा अमेरिकेंतील. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या मागून असे अनेक खेळ निघाले. एक जण सूत्रधार होऊन प्रसंगाचें वर्णन करितो. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. आणि ज्या कृत्याचा परिणाम अनिश्चित असेल, त्याचा निकाल फांसे देतात. असे खेळ पुष्कळदां महिनेच्या महिने चालतात. भुताचा खेळ मात्र एकाच बैठकींत, फार तर तीन तासांत, संपवावा. कारण भय लवकर शिळें होतें. सकाळीं ऊन पडलें कीं रात्रीची हडळ हास्यास्पद वाटूं लागते.

आतां भूत कोठून आणावें? त्यासाठीं विलायतेस जाण्याचें कारण नाहीं. जॅक्सन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मिळविली होती. त्याच्या मृत्यूनंतर एंथोवेन यांनीं ती संकलित करून कोंकणचा भाग १९१५ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. आपल्या भागांतील वडील माणसांस विचारलें तरीही पुष्कळ नांवें मिळतील. मुंज झाल्यावर पण सोडमुंजीपूर्वीं वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो. बाळंतपणांत वारलेली स्त्री हडळ होते. बुडून मेलेला गिऱ्हा होऊन पाण्यांत राहतो. अशा या समजुती आहेत. त्या खऱ्या मानण्याचें कारण नाहीं. परंतु त्या नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानांत येते. यांपैकीं कोणीही मुळांत दुष्ट नाहीं. प्रत्येकाचें कांहींतरी राहून गेलें आहे.

खेळाची किल्ली हीच होय. "या भुतास मारावें कसें?" हा प्रश्न खेळाडूंपुढें ठेवला, तर खेळाची मारामारी होईल. "याचें काय राहून गेलें?" हा प्रश्न ठेवावा, म्हणजे भय तर राहतेंच, शिवाय त्या भयाच्या पोटीं कळवळाही उत्पन्न होतो.

उदाहरणार्थ एक प्रसंग देतों. तो सर्वस्वीं कल्पित आहे. कळवा व मुंब्रा यांच्या दरम्यान पारसिकचा बोगदा आहे. तो १९१६ सालीं खुला झाला. लांबी सुमारें १.३ किलोमीटर. श्रावणांतील एका रात्रीं कल्याणकडे जाणारी शेवटची गाडी त्या बोगद्यांत उभी राहते. दिवे जातात. डब्यांत पांचच उतारू: मासळी विकून परतणारी कोळीण, रात्रशाळेचे मास्तर, डोंबिवलीचा एक विद्यार्थी, नवी नोकरी लागलेली परिचारिका आणि एक वृद्ध कारकून. बाहेरून हातांत कंदील घेतलेला कोणी रेल्वेचा गँगमन खिडकीखिडकीशीं येऊन एकच प्रश्न विचारतो, "निरोप पोहोंचला का?"

खेळापूर्वीं सूत्रधारानें प्रत्येकास एक घडी केलेली चिठ्ठी द्यावी. त्या पात्रानें कोणाला तरी द्यावयाचा आणि न दिलेला निरोप तींत लिहिलेला असावा. गँगमनही असाच एक निरोप पोहोंचविण्यापूर्वीं वारलेला आहे. त्यास हुसकून लावावयास जे धांवतील, त्यांच्यासाठीं बोगदा लांबतच जाईल. जे आपली चिठ्ठी मोठ्यानें वाचतील, त्यांस पलीकडच्या तोंडाचा उजेड दिसूं लागेल.

भय वाढवावयाचें तें पायरीपायरीनें. प्रथम नुसता आवाज: रुळावर कांहींतरी वाजलें. मग खूण: बाकाखालीं ओल्या पावलांचा ठसा. आकृति अगदीं शेवटीं, आणि तीही अर्धीच. सूत्रधारानें सगळें सांगून टाकलें तर खेळाडूंच्या कल्पनेस काम उरत नाहीं. आणि त्यांची कल्पना सूत्रधाराच्या शब्दांहून नेहमींच अधिक भयंकर असते. आवाज चढविण्याऐवजीं उतरवावा.

फांसे नसल्यास चार कवड्या घ्याव्या. दोन किंवा अधिक उताण्या पडल्या तर कृत्य साधलें. कमी पडल्या तरीही साधलें, पण कांहीं किंमत देऊन: कंदील विझला, पाय मुरगळला. कवडी दोन्हीं बाजूंनीं सारखीच पडते असें धरल्यास सोळांपैकीं अकरा वेळां यश येईल, म्हणजे आशा राहते आणि धास्तीही राहते. २००५ सालच्या 'ड्रेड' नांवाच्या खेळांत फांशांऐवजीं लांकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. अवघड कृत्य करणाऱ्यानें त्यांतून एक ठोकळा ओढावयाचा. मनोरा पडला कीं त्याचें पात्र गोष्टींतून गेलें. हात खरोखरच कांपूं लागतात.

आतां दोन पथ्यें, आणि तीं सर्वांत महत्त्वाचीं. पहिलें असें कीं, मध्यें एक पेला उपडा ठेवावा. ज्यास सोसवेनासें होईल त्यानें तो निमूटपणें सुलटा करावा; सूत्रधारानें तत्क्षणीं प्रसंग बदलावा, आणि कोणीही "कां?" असें विचारूं नये, अथवा दुसऱ्या दिवशीं शाळेंत हंसूं नये. दुसरें असें कीं, आपल्या आळींतील खऱ्या माणसास, एखाद्या एकाकी म्हातारीस किंवा वेडसर इसमास, खेळांतील चेटकीण वा भूत कधींही करूं नये. गंमतीनें चिकटविलेलें असें नांव मागाहून सुटत नाहीं. जादूटोण्याच्या संशयावरून निरपराध माणसांचा छळ झालेला आहे, आणि अशा प्रथा रोखण्यासाठीं महाराष्ट्रांत २०१३ सालीं कायदा करावा लागला, हें विसरूं नये.

मुलांस भुताचे खेळ खेळूं दिल्यानें तीं भित्रीं होतील, अशी भीति कित्येक पालकांस वाटेल. त्यांनीं एकदां स्वतः कारकुनाची चिठ्ठी घेऊन खेळावयास बसावें. काळोखांतून कोणी प्रश्न विचारला असतां पळून न जातां, "बाबा रे, तुझें काय राहिलें?" असें विचारणें, हें धैर्यच आहे. खेळ संपल्यावर दिवा लावावा, सर्वांनीं मिळून चहा घ्यावा, आणि चिठ्ठी वाचतांना ज्यास आपलाच एखादा खरा, न दिलेला निरोप आठवला असेल, त्यानें तो सकाळीं देऊन टाकावा.