विश्लेषण : घरच्या बागेतून दुर्गंधी येतेय? आधी वास ओळखा

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाणी आले की कुंड्या काठोकाठ भरायच्या, ही अनेक घरांतली सवय. बागेतल्या दुर्गंधीचा शोध इथूनच सुरू करावा. मातीवर फिनेल ओतून वास दबेल, पण मातीतले उपयोगी जिवाणूही मरतील.

सडक्या अंड्यासारखा वास कशाचा?

इथली काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात तो गुण, कुंडीत मात्र दोष. कुंडीचे भोक बुजले किंवा खालची ताटली भरलेली राहिली, की मातीतली हवा संपते आणि हवेविना जगणारे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. हा वास त्याचाच. कुंडी उचलून भोकाजवळ हुंगून पाहा. संशय आला तर रोप अलगद बाहेर काढा. मुळे काळपट, बुळबुळीत असतील तर ती कुजली आहेत. तेवढी कापून रोप नव्या मातीत लावा. काळ्या मातीत जाडसर वाळू, कोकोपीट आणि शेणखत मिसळा. पुढे पाण्याचा दिवस असला तरी बोट मातीत घालून ओल तपासावी आणि मगच पाणी द्यावे.

खताचा डबा का घाण मारतो?

नाकाला झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे हिरवा कचरा जास्त झाला. आंबूस, कुजका वास म्हणजे ओल जास्त, हवा कमी. दोन्हींवर कोरडा कचरा हाच उतारा. ज्वारीच्या या जिल्ह्यात कडब्याची कुट्टी सहज मिळते. एक भाग ओल्या कचऱ्याला दोन भाग कुट्टी किंवा वाळला पाला घाला, ढीग खालवर करा. मूठभर खत दाबल्यावर पाणी टपकले, तर अजून कोरडे हवे. उरलेला रस्सा, हाडे, दूध डब्यात नकोच.

शेंगदाण्याची पेंड भिजवून ठेवली की घरभर वास सुटतो. त्यापेक्षा चिमूटभर कोरडी पेंड मातीखाली पुरावी.

एवढे करूनही वास जात नसेल तर ड्रेनेजचे चेंबर आणि अडगळीत मेलेला उंदीर तपासा. पावसाच्या तोंडावर सुरणाला फूल आले असेल, तर सडक्या मांसासारखा वास त्याचाच! परागीभवनासाठी किडे बोलावण्याची ती युक्ती. कंद उपटू नका. हा वास एक-दोन दिवसांत ओसरतो.