पकडले गेलेल्यांचाही मार्ग

ऑगस्ट १८५०. फिलाडेल्फियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेच्या कचेरीत पन्नाशीला टेकलेला एक माणूस आला. नाव पीटर. अलाबामात जन्म झिजवून, साठवलेल्या पैशातून ५०० डॉलर भरून तो मोकळा झाला होता आणि लहानपणी दुरावलेल्या आईबापांचा ठावठिकाणा शोधत होता. त्याने त्यांची नावं सांगितली आणि समोर बसलेला कृष्णवर्णीय कारकून विल्यम स्टिल चमकला. ती त्याच्याच आईबापांची नावं होती.

त्यांची आई मेरीलंडमधून पहिल्यांदा पळाली ती चारही लेकरं घेऊन, आणि पकडली गेली. दुसऱ्या खेपेला तिने फक्त दोन मुली बरोबर घेतल्या. दोन मुलगे मागे राहिले. मालकाने त्यांना दक्षिणेत विकलं. त्यांतला एक तिकडेच मेला, दुसरा हा पीटर. पळून जाणाऱ्यांच्या धोक्यांबद्दल लिहिताना शिकारी कुत्रे, गस्त, नद्या, थंडी यांची वर्णनं येतात, आणि ती खरीच आहेत. पण मला वाटतं, सगळ्यांत भयंकर हिशेब हा होता: किती लेकरं घेऊन पळता येईल?

पीटरची बायको विना आणि तीन मुलं अजून अलाबामातच होती. त्यांना आणायला सेथ काँकलिन हा गोरा माणूस स्वतःहून पुढे झाला. १८५१ च्या वसंतात त्याने चौघांना होडीत घातलं. टेनेसी नदीतून खाली, मग ओहायो आणि वॉबॅश, असं सात दिवस आणि सात रात्री वल्हवत ते इंडियानात पोचले. हे राज्य गुलामगिरी नसलेलं, तरीही व्हिन्सेन्सजवळ ते धरले गेले. विना आणि मुलं मालकाकडे परत गेली. काँकलिनचं प्रेत नदीत सापडलं, हातापायांत बेड्या, कवटी फुटलेली. मालकाने कुटुंबाची किंमत ५००० डॉलर सांगितली. ती जमवण्यासाठी पीटर गावोगाव भाषणं करत हिंडला. १८५४ च्या अखेरीस ती मंडळी त्याला मिळाली.

मोकळ्या राज्यातही पाय टेकायला जागा का उरली नव्हती, याचं उत्तर सप्टेंबर १८५० च्या, फरारी गुलामांविषयीच्या कायद्यात आहे. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नव्हती, ज्यूरीही मिळत नव्हती. निवाडा करणाऱ्या कमिशनरने त्याला मालकाच्या हवाली केलं तर मेहनताना १० डॉलर, सोडलं तर ५. आसरा देणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. न्यायाच्या नावाखाली याहून निर्लज्ज तरतूद शोधून सापडणं कठीण. ओहायो नदी ओलांडली की सुटलो, हा भरवसा त्या दिवशी संपला. आता थेट कॅनडा गाठायला हवा होता.

जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर घरच्यांसह गोठलेली ओहायो ओलांडून सिनसिनाटीला पोचली. पाठलाग करणाऱ्यांनी घराला वेढा घातला तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीला स्वतःच्या हातांनी मारलं, ती परत त्या नरकात जाऊ नये म्हणून. तिलाही त्याच कायद्याखाली मालकाकडे परत पाठवण्यात आलं. दोन वर्षांनी ती विषमज्वराने गेली.

मदत करणाऱ्यांना मोजावी लागणारी किंमतही सारखी नव्हती. डेलावेअरच्या थॉमस गॅरेट यांना १८४८ मध्ये हजारो डॉलरचा दंड झाला, तरी त्यांनी काम थांबवलं नाही. त्याच वर्षी 'पर्ल' नावाच्या जहाजातून वॉशिंग्टनहून निघालेले ७७ जण पकडले गेले आणि त्यांतल्या बहुतेकांना दक्षिणेत विकलं गेलं. जहाजाची जबाबदारी घेणारा डॅनियल ड्रेटन चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता. पण मदतनीस स्वतः काळा असला तर शिक्षा वेगळ्याच जातीची. डेलावेअरचा सॅम्युअल बरिस स्वतंत्र माणूस होता. पळणाऱ्यांना वाट दाखवली म्हणून त्यालाच लिलावात उभं केलं. खरेदीदाराचं सोंग घेऊन आलेल्या आयझॅक फ्लिंट या सहकाऱ्याने बोली जिंकली, म्हणून तो वाचला. मेरीलंडचे धर्मोपदेशक सॅम्युअल ग्रीन यांच्यावर असाच संशय होता. पुरावा मिळेना. घरात 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी सापडली, तेवढ्यावर १८५७ मध्ये दहा वर्षांची शिक्षा! पाच वर्षांनी सुटले, तेही राज्य सोडण्याच्या अटीवर.

गुलामांना सोडवून आणणारी हॅरिएट टबमन सगळ्यांना ठाऊक आहे, आणि असायलाच हवी. सुमारे १३ फेऱ्या, ७० च्या आसपास माणसं, एकही गमावलं नाही. ती थंडीतल्या लांब रात्री निवडायची, बहुधा शनिवारी निघायची, कारण फरारीची जाहिरात सोमवारपर्यंत छापली जात नसे. पण हे शहाणपण जिथून आलं, तिथे काँकलिनसारखे अनेक जण आधी बुडाले होते. केवळ यशाचा इतिहास सांगितला तर तो अर्धा राहतो.

भाऊ भेटल्यानंतर विल्यम स्टिल यांनी येणाऱ्या प्रत्येकाची हकिगत नेटाने टिपली, आणखी कोणाची तरी ताटातूट मिटावी म्हणून. त्या नोंदी हाती लागल्या असत्या तर कित्येकांच्या गळ्याला फास बसला असता; त्या त्यांनी दडवून ठेवल्या. १८६४ मध्ये १८५० चा तो कायदा रद्द झाला, पुढच्या वर्षी गुलामगिरी. नोंदींचा ग्रंथ १८७२ मध्ये निघाला.

पुढच्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली. ती अर्पणपत्रिका पुन्हा उघडाल तेव्हा सेथ काँकलिन, सॅम्युअल बरिस आणि सॅम्युअल ग्रीन ही नावंही तिच्यात वाचा.