‘मनावर घेऊ नकोस’

२९ जानेवारी २०२६ ला सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, कॉलेजांतला जातिभेद रोखण्यासाठीच्या नव्या समता नियमांना स्थगिती दिली. १३ जानेवारीला निघालेले नियम महिनाभरही टिकले नाहीत. व्याख्या मोघम आहेत, गैरवापर होऊ शकतो, असं न्यायालयाला प्रथमदर्शनी वाटलं. पुढचा आदेश येईपर्यंत २०१२ चे जुने नियम चालू राहतील, असं सांगितलं. मसुद्यात खोट असेल तर ती काढावी, याबद्दल माझा वाद नाही. पण ज्या याचिकेच्या रेट्याने हे नियम आले, ती २०१९ मध्ये, शिकत असताना आयुष्य संपवलेल्या दोन विद्यार्थ्यांच्या आयांनी दाखल केली होती. एक रोहित वेमुलाची आई राधिका आणि दुसरी आमच्या जळगावच्या डॉ. पायल तडवीची आई आबेदा. २०१२ चे नियम कागदावर आहेत, ते पाळले जात नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून दोघी पुन्हा त्याच २०१२ च्या नियमांपाशी येऊन पोचल्या. ही बातमी मला फार लागली. पायलला जाऊन २२ मे २०२६ ला सात वर्षं होतात.

विद्यार्थ्याला जपणं ही गोष्ट खानदेशाला नवी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या ते झाडत, आजारी मुलांची शुश्रूषा करत, मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. छात्रालयात काय चाललंय हे ज्याला रोज लिहायचं आहे, त्याला कोणता मुलगा दोन दिवस जेवला नाही हे कळल्याशिवाय राहत नाही. आज गुरुजींच्या तसबिरीला आपण हार घालतो. त्यांचं हे काम मात्र कुणी पुढे चालवल्याचं मला दिसलेलं नाही.

नंतरच्या पन्नास-साठ वर्षांबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. संस्था वाढल्या, इमारती झाल्या, संचालक मंडळांच्या निवडणुका गाजल्या. विद्यार्थी त्या सगळ्यात पटावरच्या संख्येपुरता उरला.

मी थांबणार आहे ते नव्वदच्या दशकापाशी, कारण ते मी वसतिगृहात राहून पाहिलं. १९८९ मध्ये धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. १९९० च्या १५ ऑगस्टला जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आलं; तोवर आमच्या पदव्या पुण्याहून यायच्या. विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजं तर त्याआधीच निघू लागली होती. साक्री, नवापूर, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर इथली मुलं पहिल्यांदाच मोठ्या संख्येने शहराच्या वसतिगृहात आली. त्यांतल्या अनेकांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं दुसरं कुणी नव्हतं. ती मुलं घरून काय घेऊन यायची? पत्र्याची पेटी, वळकटी, आणि आईने बांधून दिलेल्या दशम्या. केवढा उमेदीचा काळ होता तो! मला त्या दशकाबद्दल आजही माया वाटते आणि त्याच दशकाचा राग आजही जात नाही.

रात्री जेवणं झाली की नव्या मुलांना एका खोलीत बोलवायचे. त्याला ‘इंट्रो’ म्हणत. नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवायची, वर बघायचं नाही. मग प्रश्न. नाव सांग. आडनाव सांग. गाव सांग. आणि चौथा प्रश्न, किती टक्क्यांवर आलास? पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कुणीही देई. चौथ्या प्रश्नाला मात्र काही मुलांचा आवाज बसायचा, कारण तो कशासाठी विचारला जातोय हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक असे. आडनावावरून जात निघाली, टक्क्यांवरून राखीव जागा निघाली, की त्या मुलाचं वर्षभराचं नाव ठरलं.

माझ्या खोलीत सातपुड्याच्या पायथ्याचा एक पावरा आदिवासी मुलगा होता. गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. अहिराणी बोलणाऱ्या आम्हा मुलांना बाहेरचे हसत. त्याच्या मराठीला मात्र आमच्यातलेही हसत. त्याला रोज रात्री उभं करायचे, त्याच्याकडून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचे. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला घेऊन रेक्टरांकडे गेलो. अर्ज लिहून नेला होता. त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, “पोरं आहेत, थोडी मस्ती करणारच. मनावर घेऊ नकोस.” मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “चांगला विचार करत जा.” पोळ्यासाठी म्हणून तो धुळ्याहून अमळनेरमार्गे चोपड्याच्या एसटीत बसला. पेटी सोबत नेली होती, तेव्हाच मला कळायला हवं ते कळलं. तो परत आला नाही. कॉलेजच्या दप्तरात ‘विद्यार्थी स्वेच्छेने गेला’ अशी नोंद झाली. त्या नोंदीशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.

‘आम्हीही सोसलं, आमचं काय वाईट झालं?’ असं म्हणणारे त्या काळचे सिनियर आज चांगल्या हुद्द्यांवर आहेत. त्यांना माझं सांगणं आहे की जे सोसू शकले तेच आज बोलायला उरलेत. जे एसटीत बसून परत गेले त्यांना तुमच्या स्नेहमेळाव्याची पत्रिका जात नाही.

पुढच्याच वर्षी त्याच वसतिगृहात एक वेगळी गोष्ट घडली. शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी इंट्रोच्या खोलीत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, “या पोरांना झोपायला जाऊ द्या.” दमदाटी नाही, आवाज चढवणं नाही. पण बघे म्हणून बसलेल्यांपैकी चार-पाच जण त्याच्यासोबत उठले आणि खोली रिकामी झाली. त्या मजल्यावर पुन्हा इंट्रो झाला नाही. पुढे फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या ‘किवा’ या शालेय कार्यक्रमाबद्दल वाचलं, तेव्हा ही खोलीच आठवली. त्या कार्यक्रमाचा भर छळणाऱ्यापेक्षा बघ्यांवर आहे. हसणारे हसायचे थांबले की छळणाऱ्याचा दरारा संपतो. फिनलंडने २००९ पासून तो देशभरच्या शाळांत नेला.

त्यानंतरचा काळ कायद्यांचा. तामिळनाडूत १९९६ मध्ये पोन नवरसू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा खून झाला, १९९७ मध्ये तिथे कायदा आला. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. २००९ मध्ये हिमाचलात अमन कचरू हा विद्यार्थी रॅगिंगमध्ये गेला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी नियम काढले. आपला १९९९ चा कायदा तर चांगला कडक आहे. दोषीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. ती टाळली तर त्याने गुन्ह्याला साथ दिली असं धरून त्यालाही तीच शिक्षा. हे शेवटचं कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आमच्या रेक्टरांसारख्या माणसांसाठीच ते लिहिलेलं आहे, आणि नेमकं तेच वापरल्याचं कानावर येत नाही.

कायदा असूनही पायल गेली. मिरजेच्या सरकारी महाविद्यालयातून तिने एमबीबीएस केलं आणि २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या टोपीवाला महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाली. तडवी भिल्ल समाजातली, अनुसूचित जमातीच्या जागेवरून आलेली. तिलाही तो चौथा प्रश्न चुकला नाही. जातीवरून, राखीव जागेवरून हिणवलं जात होतं, ही तक्रार वरिष्ठांपर्यंत नेली होती, असं तिच्या घरचे सांगतात. २२ मे २०१९ ला तिने आयुष्य संपवलं. ती २६ वर्षांची होती. तीन सिनियर डॉक्टरांवर खटला भरला गेला. त्यांनी आरोप नाकारले आहेत. बाळंतिणींची सेवा करणारी एक डॉक्टर आमच्या सातपुड्याच्या पट्ट्याला मिळायची होती, ती मिळाली नाही.

आता शाळा-कॉलेजांत ‘सकारात्मक विचार’ या विषयावर व्याख्यानं होतात. मार्च २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ही आला. त्याचं मी मनापासून स्वागत करतो. प्राणायाम, खेळ, गोष्टी मुलांना हव्यातच. पण ज्याला रोज टोचलं जातंय त्यालाच ‘चांगला विचार कर’ सांगणं म्हणजे टोचणाऱ्याला मोकळं सोडणं. आपली तक्रार लिहून घेतली गेली, त्यावर माणसं हलली, हे मुलाला दिसलं की उमेद आपोआप येते. आमच्या मजल्यावर ती तशीच आली होती. इंट्रो बंद झाल्यावर त्या वर्षीची मुलं रात्री व्हरांड्यात एकत्र अभ्यासाला बसू लागली.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं की १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत, कोचिंग क्लासमध्येसुद्धा, किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. जळगाव-धुळ्यात असे क्लास आणि कॉलेजं गल्लोगल्ली आहेत. जूनमध्ये मुलाला किंवा मुलीला वसतिगृहात सोडायला जाल, तेव्हा फी भरण्याआधी ऑफिसात विचारा, समुपदेशक कोण, रॅगिंगविरोधी समितीत कोण, त्यांचे फोन नंबर कोणते. नावं सांगता आली नाहीत तर लेखी मागा. आणि १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी मदतीचा आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा नंबर मुलाच्या फोनमध्ये तिथेच उभं राहून टाकून द्या.