आठ आण्यांची गोष्ट

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक दोरी आहे. तिच्यावर रोज दोन दुधाच्या पिशव्या चिमट्याला लटकलेल्या असतात. धुऊन, उलट्या करून, पाणी निथळायला. सून घरात नवी होती तेव्हा तिला याचं फार हसू यायचं. ‘‘आई, आपल्याकडे पिशव्यांचं पण वाळवण असतं का हो?’’ म्हणायची. आता तीच न चुकता पिशव्या धुते. मैत्रिणींनो, तुमच्याकडेही अशी एखादी दोरी, खिळा किंवा फ्रीजचं दार असणारच!

महिनाअखेरीला हे बाड रद्दीवाल्याकडे जातं. तो काट्यावर टाकतो आणि हातावर तीन-चार रुपये ठेवतो, तेही उपकार केल्यासारखे. पैशांसाठी कोण करतं हो हे? पण पिशवी ओल्या कचऱ्यात टाकायला हात धजत नाही, एवढंच.

माझं लहानपण गिरगावातलं. तेव्हा दूध बाटलीतून यायचं. आरेच्या केंद्रावर पहाटे रांग लागायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात रिकाम्या, घासलेल्या बाटल्या असायच्या. रिकामी द्या, भरलेली घ्या. थंड पेयांचंही तसंच. पाहुणे आले की आई कोपऱ्यावरच्या दुकानातून चार बाटल्या आणायला सांगायची. दुकानदार ‘बाटलीचे’ म्हणून वेगळे पैसे ठेवून घ्यायचा. पाहुणे गेले की त्या परत करून पैसे आणायचे काम आम्हा मुलांचं. त्यातले चार-आठ आणे गोळ्यांसाठी मिळायचे, म्हणून भांडणंही व्हायची. एकही बाटली रस्त्यावर पडलेली दिसायची नाही. याला ‘डिपॉझिट’ म्हणतात, हे फार नंतर कळलं.

म्हणूनच २०१८ मध्ये सरकारने प्लास्टिकबंदी आणली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्या वर्षी २३ मार्चला निघालेल्या अधिसूचनेची चर्चा झाली ती कापडी पिशव्या आणि पाच हजारांच्या दंडाची. पण तिच्यात आणखी एक कलम होतं. दुधाच्या पिशवीवर तिची परतीची किंमत छापायची, ती पन्नास पैशांपेक्षा कमी नको. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांनाही तसंच, अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोन रुपये, लिटरच्या बाटलीला एक रुपया. उत्पादकांनी आणि विक्रेत्यांनी त्या परत घेण्याची सोय करायची.

मला वाटलं, गिरगावातली ती रांग परत आली!

महिनाभर पिशव्या साठवल्या. साठ झाल्या. मोजून, रबर लावून, दूध घेतो त्या दुकानात गेले. दुकानदाराने पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘काकू, हे काय?’’ मी कायदा सांगितला. तो हसला. ‘‘मला कंपनी कुठे परत देते? आणि ठेवू कुठे? आधीच क्रेट ठेवायला जागा नाही. मुंग्या लागतील.’’ खरं सांगते, मला त्याचा राग आला नाही. त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दहा बाय दहाच्या दुकानात तो गावभरच्या पिशव्या कुठे साठवणार? त्याला त्याचे पैसे कोण देणार? कायद्यात परतीची किंमत होती, पण ती माझ्या हातावर ठेवणारी खिडकी कुठे आहे, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी, जून २०१९ मध्ये, तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं की राज्यात रोज एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात, त्यांचा एकतीस टन कचरा होतो, आणि पन्नास पैसे परत देण्याची योजना महिनाभरात सुरू होईल. मी पुन्हा पिशव्या साठवल्या. पुन्हा त्या रद्दीवाल्याकडेच गेल्या. आजतागायत ते आठ आणे काही माझ्या घरापर्यंत आलेले नाहीत.

‘आठ आण्यांसाठी एवढं काय?’ असं वाटत असेल, तर आपण आपला बायकी हिशोब करू या. तो मंत्रालयातल्या हिशोबापेक्षा नेहमी पक्का असतो! एक कोटी पिशव्यांचे एकतीस टन, म्हणजे एक पिशवी तीन ग्रॅमची. किलोत बसतात तीनशेवीसच्या आसपास. आमचा रद्दीवाला किलोला वीस रुपये देतो, म्हणजे एका पिशवीचे मिळतात सहा पैसे. त्याच पिशवीला आठ आणे मिळाले तर? आठपट! घरात रोज दोन पिशव्या येत असतील तर वर्षाला ३६५ रुपये. साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत जवळजवळ बावीस हजार. आणि राज्याचा विचार केला तर रोजचे पन्नास लाख. एवढ्या रकमेची पिशवी गटारात जाईल का हो? कुणीतरी वाकून उचलेलच.

बरं, ही गोष्ट जमत नाही असंही नाही. बायकांच्या पुरवणीत दारूच्या बाटल्यांचं उदाहरण देते आहे, रागावू नका. तामिळनाडूच्या निलगिरीत, म्हणजे आपण उटीला जातो त्या डोंगरात, लोक पिऊन बाटल्या जंगलात फेकायचे. काचा हत्तींच्या पायात घुसायच्या. मद्रास उच्च न्यायालयाने कान टोचल्यावर मे २०२२ पासून तिथल्या सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली दुकानात आणून दिली की दहा रुपये परत. बहुतेक सगळ्या बाटल्या परत येऊ लागल्या, आणि मग योजना इतर जिल्ह्यांतही गेली. केरळनेही सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम आणि कण्णूरमध्ये वीस रुपयांची अशीच योजना करून पाहायला घेतली. आपल्या शेजारच्या गोव्यानेही २०२४ मध्ये अनामत-परताव्याची योजना अधिसूचित केली.

निलगिरीत हे का जमलं? कारण जिथे पैसे घेतले तिथेच ते परत मिळतात. विकणारा एकच, सरकार. ‘माझ्याकडे नाही, त्याच्याकडे जा’ म्हणायला जागाच नाही. अर्थात तिथल्या दुकानांतल्या कर्मचाऱ्यांचीही तक्रार आहेच, बाटल्या ठेवायला जागा नाही, मोजायला माणसं नाहीत. आमच्या दूधवाल्याचंच गाऱ्हाणं! म्हणजे खिडकी उघडायची तर खिडकीत बसणाऱ्याच्या जागेचा आणि मेहनतान्याचाही विचार व्हायला हवा.

तो झाला नाही तर काय होतं, हे माझी मामेबहीण सांगते. ती कॅलिफोर्नियात राहते. तिथे हा कायदा १९८७ पासून लागू आहे. लहान बाटलीला पाच सेंट, मोठीला दहा, दुकानात बिलातच कापून घेतात. परत मिळवायचे तर बाटल्या घेऊन केंद्रावर जायचं. पण भंगाराचे भाव पडले आणि केंद्रांना परवडेना. ऑगस्ट २०१९ मध्ये एका मोठ्या कंपनीने आपली सगळीच्या सगळी, २८४ केंद्रं एका झटक्यात बंद केली. जवळपास केंद्र नसेल तर मोठ्या दुकानांनी बाटल्या घ्याव्यात, नाहीतर दिवसाला शंभर डॉलर भरावेत, असा नियम होता. कित्येक दुकानांनी शंभर डॉलर भरणं पसंत केलं! बहीण म्हणते, ‘‘अगं, बिलात पाच सेंट कापायला कुणी विसरत नाही. परत घ्यायला मात्र गाडी काढून मैलोन् मैल जायचं. मी सरळ डब्यात टाकते.’’ तिला ते परवडतं. पण बाटल्या गोळा करून ज्यांची चूल पेटते, त्या माणसांनी गाडी कुठून काढायची?

हे ऐकताना मला आमच्या मावशी आठवल्या. गेली अठरा वर्षं त्या आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येतात. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली, पुढे २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि या बायका ओळखपत्र घालून दारोदारी कचरा घेऊ लागल्या. मावशी त्यांतल्याच. परवा त्यांना मी या परताव्याबद्दल विचारलं. वाटलं, खूश होतील.

मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘‘ताई, बाटलीला दोन रुपये मिळाया लागले तर लोकं बाटली आमाला टाकतील व्हय? स्वतःच नेतील की.’’

मी गप्पच झाले. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

‘‘आन् ते मशीन बसवतात म्हणं मॉलमंदी. तिथं आमाला आत कोण सोडतंय? वॉचमनच हाकलतो. पैसे मोबाइलवर येनार म्हंत्यात. माझा मोबाइल बटनाचा हाय. बाटली चेपली की मशीन घेत न्हाई आसं बी आयकलं. आमी तर चेपूनच भरतो, न्हाईतर पोत्यात मावनार कशी?’’

बघा मैत्रिणींनो, कायदा न वाचता मावशींनी सगळी कलमं सांगितली! बाटल्या आणि पिशव्यांची वर्गवारी आजवर याच बायकांनी केली, तेही उन्हातान्हात, पायात काचा घुसवून घेत. आता कुठे त्या कचऱ्याला किंमत येण्याची वेळ आली, तर त्यांच्याच ताटातला घास काढून घ्यायचा का?

‘‘मग कसं केलं पाहिजे?’’ मी विचारलं.

‘‘आमालाच द्या की मोजाया. आमी दारात येतोच. तुमचे तुमाला, आमचे आमाला.’’

केवढं साधं उत्तर! खिडकी शोधत लोकांनी का हिंडायचं? रोज सकाळी दारात येणारी मावशी हीच खिडकी. दूध टाकणारा पोरगा हीच खिडकी. तो रोज भरलेली पिशवी देतो, कालची रिकामी परत नेऊ शकतो. महिन्याच्या दूधबिलात तीस रुपये वजा झाले, तर आठ आण्यांची नाणी शोधायलाही नकोत. वेचकांच्या संस्थांनाच परतावा केंद्रं चालवायला दिली, पिशवीमागे त्यांना मोजणावळ दिली, चेपलेली बाटली घेतली, रोख पैसे दिले, तर मॉलच्या वॉचमनचीही गरज नाही. हा खर्च कंपन्यांनी करायचा, कारण पिशवी त्यांनीच छापलेली आहे. दूधवाल्याला त्याच्या जागेचं काहीतरी भाडं मिळालं, तर तोही हसणार नाही.

सरकारला हे सांगायला हवं, आपल्या नगरसेविकेला सांगायला हवं. भिशीत, हळदीकुंकवाला, महिला मंडळात विषय काढायला हवा. पाण्याचा, गॅसचा प्रश्न आपण बायकांनीच लावून धरला होता ना? मग हा तर रोज आपल्या हातातून जाणारा प्रश्न आहे.

तोवर आमच्या सोसायटीत आम्ही एक केलंय. पिशव्या आणि बाटल्या रद्दीवाल्याला द्यायच्या नाहीत. धुऊन, वाळवून, वेगळ्या पिशवीत घालून मावशींच्या हातात द्यायच्या. सुरुवातीला चार घरं होती, आता एकवीस झालीत. बाकीच्यांच्या मागे लागले आहे. परवा मावशींनी आमच्या दोरीकडे बघून विचारलं, ‘‘ताई, सूनबाईंनी धुतल्या का आज?’’

सून आतून ओरडली, ‘‘हो मावशी, वाळतायत. उद्या नेऽऽ!’’