तादुसाकचा थांबा

दि. ४ मे १६३९ रोजी फ्रान्समधील दिएप बंदरातून संत जोसेफ यांचे नाव धारण केलेले एक शिडाचे जहाज कॅनडाकडे निघाले. जहाजावर तीन ऊर्सुलाइन धर्मभगिनी, रुग्णसेवेचे व्रत घेतलेल्या तीन ऑगस्टिनियन धर्मभगिनी, मादाम दे ला पेल्त्री ही दानशूर विधवा आणि येशूसंघीय फादर बार्थेलेमी व्हिमाँ होते. ऊर्सुलाइन भगिनींच्या प्रमुख होत्या मदर मारी, म्हणजेच आजच्या 'देहधारणेच्या संत मारी'.

अटलांटिक महासागरात वादळे आणि दाट धुके यांनी त्यांची परीक्षा पाहिली. पवित्र त्रैक्याच्या रविवारी धुक्यातून एक प्रचंड हिमनग अचानक समोर आला आणि जहाज त्यावर आदळता आदळता वाचले. अखेर जुलैच्या मध्यास जहाजाने तादुसाक येथे नांगर टाकला. महासागर ओलांडून झाला होता, परंतु प्रवास संपला नव्हता. क्वेबेक अद्याप सुमारे २०० किलोमीटर दूर होते आणि तेथवरचा मार्ग सेंट लॉरेन्स नदीतून जात होता.

सॅग्ने नदी सेंट लॉरेन्सला जेथे मिळते, तेथे तादुसाकचे बंदर आहे. युरोपियन येण्यापूर्वीपासून इन्नू लोक उन्हाळ्यात तेथे जमत व वस्तूंची देवघेव करीत. इ. स. १६०० मध्ये पिएर शोव्हाँ याने तेथे फ्रेंचांचे व्यापारी ठाणे उभारले. १६०३ साली साम्युएल द शाँप्लाँ येथेच उतरला आणि १६०८ साली त्याने क्वेबेक वसवले. त्या काळी मोठी जहाजे बहुधा तादुसाकलाच थांबत. माणसे व माल तेथून लहान गलबतांत चढवून वर नेले जात.

असे का करावे लागे? येथे नदी समुद्रासारखी रुंद दिसते, पण तिच्या पोटात वाळूचे दांडे, खडक आणि बेटे दडलेली आहेत. भरतीचे पाणी क्वेबेकच्याही पुढे पोहोचते. ओहोटीला मात्र नदीचा प्रवाह व उतरते पाणी एकत्र येऊन गलबताला मागे लोटतात. त्यात वारा बहुधा नैर्ऋत्येचा, म्हणजे समोरूनच. त्यामुळे भरती लागली की शीड उभारायचे, ओहोटी लागली की नांगर टाकून थांबायचे, हाच नियम होता. भरती-ओहोटीशी हुज्जत घालता येत नाही, हे आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांना वेगळे सांगायला नको. शिवाय हिवाळ्यात नदी गोठत असे; त्याआधी जहाजांना फ्रान्सला परतायचे असल्याने फार रेंगाळूनही चालत नसे.

तादुसाकला जहाज सोडणे मदर मारींसाठी केवळ वाहन बदलणे नव्हते. त्या विधवा होत्या. १६३१ साली तूर येथील मठात प्रवेश करताना त्यांनी आपला अकरा वर्षांचा मुलगा क्लोद याला नातेवाइकांच्या हाती सोपवले होते. आता माय-लेकरांत महासागर उभा राहिला होता. त्या पुन्हा कधीही फ्रान्सला परतल्या नाहीत.

दहा आठवड्यांत महासागर ओलांडणाऱ्या या भगिनींना उरलेल्या एवढ्याशा अंतरासाठी जवळजवळ पंधरवडा लागला. १ ऑगस्ट १६३९ रोजी त्या क्वेबेकला उतरल्या आणि गुडघे टेकून त्यांनी त्या भूमीचे चुंबन घेतले. थोड्याच काळात देवीच्या साथीने तेथील मूळ रहिवाशांना ग्रासले. रुग्णालय व शाळा उभारू पाहणाऱ्या भगिनी प्रथम रुग्णांच्या उशाशी बसल्या. मदर मारी तेथील लोकांच्या भाषा शिकल्या, त्यांचे शब्दकोश रचले आणि ३० एप्रिल १६७२ रोजी क्वेबेकमध्येच त्यांनी देह ठेवला. बेनेडिक्टाइन संन्यासी झालेल्या क्लोदने आईची पत्रे संकलित करून प्रसिद्ध केली. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी मदर मारींना संतपद बहाल केले.

तादुसाकला आज १७४७ साली येशूसंघीयांनी बांधलेले छोटेसे लाकडी चॅपेल उभे आहे. समोरच्या पाण्यात देवमासे पाहण्यासाठी पर्यटक येतात. भरती-ओहोटीचा क्रम मात्र तोच आहे. ध्येय जवळ आले असे वाटत असतानाच ज्यांना थांबावे लागते, त्यांनी या बंदराची आठवण ठेवावी. तेथे नांगर टाकलेले गलबत हरलेले नसे. ते भरतीची वाट पाहत असे.